बोअरचं पाणी कळंना, मग गुरूच्या पोटातलं कसं कळतं?

मांजराकाठ – ८ डिसेंबर २०२४, रात्री ९:४०

काल गुरू प्रतियुतीत होता, म्हणजे पृथ्वीवरून बघता सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला. आज संध्याकाळी रोहिणीच्या शेजारी असा पेटलाय की अण्णांनी (माझे वडील) थंडीची पर्वा न करता अंगणात बाज टाकली. मी लातूरला अकरावी-बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवते, रविवारी गावी येते. गाव केज तालुक्यात. बाजेवर बसून जरा फुशारकीनंच सांगितलं, की जूनो नावाचं यान २०१६ पासून त्याच्याभोवती फिरतंय आणि ढगांच्या खाली शेकडो किलोमीटरपर्यंत काय आहे ते मायक्रोवेव्ह लहरींवरून मोजतंय.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाई, आपले दोन बोअर कोरडे गेले. एक साडेचारशे फूट, एक सहाशे. नारळवाला म्हनला हितं पानी, मशीनवाला म्हनला तितं पानी. निघाला नुसता फुफाटा. सहाशे फुटावरचं कोनाला कळंना, आन् ते यान आत न शिरता शेकडो किलोमीटरचं सांगतंय? कसं?"

मी म्हटलं, वेगवेगळ्या लांबीच्या लहरी वेगवेगळ्या खोलीवरून येतात. ते म्हणाले, "का येत्यात?"

तिथं माझी गाडी रुतली. समीकरण फळ्यावर लिहिता येतं मला, पण बाजेवर नाही सांगता येत. इथं जाणकार आहेत. अण्णांना पटेल असं उत्तर हवंय. आणि बोअरसाठी ही युक्ती चालते का, हा त्यांचा उपप्रश्नही आहेच.

---

कापूसकोंड्या – रात्री ९:५२

मायक्रोवेव्हनं आमच्याकडं फक्त पापड भाजतात. बसलोय चटई टाकून.

---

खडूफळा – रात्री १०:१५

ताई, मी परभणीचा निवृत्त मास्तर. तुमच्या अण्णांसारखे विद्यार्थी मला तीस वर्षांत चार-पाचच मिळाले असतील.

पहिली गोष्ट त्यांना ही सांगा की यान गुरूवर काही सोडत नाही. मशीनवाला जमिनीत वीज सोडतो आणि परत काय येतं ते बघतो. इथं तसं नाही. ही नुसती ऐकण्याची विद्या आहे. प्रत्येक गरम वस्तू लहरी सोडते. तापलेला तवा न शिवता हाताला कळतो ना? तसंच. तव्याची धग म्हणजे बहुतेक अवरक्त किरण. पण तोच तवा, अण्णांची बाज, अण्णा स्वतः, सगळे मायक्रोवेव्हही सोडत असतात, अगदी क्षीण. जितकं तापमान जास्त, तितकी लहर जोरकस. मायक्रोवेव्हमध्ये हे प्रमाण जवळजवळ सरळ असतं, दुप्पट तापमानाला दुप्पट जोर (तापमान अर्थात केल्विनमधलं). म्हणून रेडिओवाले सरळ 'दीप्ती तापमान' असंच बोलतात.

आणि हे आपल्याला नवीन नाही. ७ जून १९७९ ला भास्कर-१ उपग्रह सोव्हिएत रॉकेटवरून गेला, त्यात 'समीर' नावाचा मायक्रोवेव्ह रेडिओमीटर होता. १९ आणि २२ गिगाहर्ट्झ (एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक अब्ज कंपनं). समुद्र आणि हवेतली वाफ मोजायला. नाव बघा किती नेमकं! वर्गात सांगितलं तेव्हा समीर नावाचं एक पोरगं आठवडाभर कॉलर ताठ करून फिरत होतं.

---

हुरडा_पार्टी – रात्री १०:३१

सर, म्हणजे बायको स्वयंपाकघरात गरम आहे हे बाहेरच्या खोलीतून कळतं ते मायक्रोवेव्हनंच का?

---

अनामिका_बीड – रात्री १०:४४

माणूस पण मायक्रोवेव्ह सोडतो?? मग मोबाइल टॉवरबद्दल इतकं का ओरडतात? आमच्या गल्लीत टॉवर बसवलाय आणि तेव्हापासून चिमण्या

---

व्यवस्थापन – रात्री १०:५०

टॉवर आणि चिमण्यांसाठी वेगळा धागा आहे. कृपया तिकडे. इथे गुरूच राहू द्या.

---

छत्रीवाला – रात्री ११:२०

अनामिकाताई, माणूस सोडतो ते किती ते आईका. मी हिंगोलीत डिश बसवतो, चौदा वर्षं झाली. फिजिक्स माझं दहावीपातुर. पण खडूफळा सर म्हनायलेत ते मी रोज बघतो.

आमच्याकडं सिग्नल बघायचं एक बारकं मीटर असतंय, टुंई टुंई वाजतं. छत्री मोकळ्या आभाळाकडं केली की गप. भिंतीकडं केली की काटा चढतो. झाडाकडं केली तरी चढतो. नवी पोरं मला इचारतात, भितीत कोनता चॅनल हाय? आरं, भिंत सोताच चॅनल हाय. भिंत गरम, आभाळ गार. एकदा मालक छत्रीसमोर येऊन उभं राहिले तर ते बी वाजले.

आन् मार्च आन् ऑक्टोबरात दुपारी पाच-धा मिनिटं चित्र जातं. लोक फोन करून शिव्या देतात. त्या टायमाला सूर्य बरुबर उपग्रहाच्या मागं येतो, त्याच्या गोंधळात उपग्रहाचा आवाज बुडतो. म्हंजे मपली छत्री सूर्याचा मायक्रोवेव्ह आईकती, बिनपैशाचा.

---

खडूफळा – रात्री ११:२८

छत्रीवाले, साष्टांग दंडवत. 'भिंत स्वतःच चॅनल आहे' हे वाक्य मला नोकरीत असताना मिळालं असतं तर!

---

शंकेखोर – ९ डिसेंबर, सकाळी ७:०५

गरम वस्तू लहर सोडते, मान्य. पण ताईंच्या वडिलांचा प्रश्न तो नाहीच. प्रश्न खोलीचा आहे. गुरूच्या वरच्या थरातून येतं आणि खालच्या थरातूनही येतं. सगळं एकत्र येऊन छत्रीत पडतं. त्यातलं कुठलं किती खालचं, हे कसं वेगळं केलं?

---

नाथसागर – ९ डिसेंबर, दुपारी १:१०

मूळचा पैठणचा, सध्या अहमदाबादला. उपग्रहांच्या रेडिओमीटरची माहिती चाळण्याचंच काम करतो, मात्र पृथ्वीची. गुरूचं माझं वाचन आहे, काम नाही. जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, लांबेल.

अण्णांसाठी: डिसेंबरातली पहाट, मांजरा नदीचा काठ, दाट धुकं. पहिली बाभूळ दिसते, दुसरी अंधूक, तिसरी गायब. आता असं समजा की ते धुकं स्वतःच उजळतंय, प्रत्येक ठिकाणी आपापल्या गरमीप्रमाणे. तुमच्यापर्यंत कुठला उजेड पोचेल? फार लांबचा वाटेतलं धुकं गिळून टाकतं. अगदी जवळचं धुकं इतकं विरळ की त्याचा उजेडच नगण्य. मग येतो तो साधारण एका ठरावीक अंतरावरचा, जिथपर्यंत नजर पोचते तिथला. शंकेखोर, सगळं एकत्र येतं हे खरं, पण त्यात एका पट्ट्याचा वाटा मोठा असतो.

आता धुकं तेच ठेवा आणि डोळे सहा घ्या. एकाला ते दाट दिसतं, दुसऱ्याला जरा विरळ, सहाव्याला जवळजवळ नाहीच. जूनोवर असे सहा कान आहेत (डोळे म्हणा, कान म्हणा): ०.६, १.२५, २.६, ५.२, १० आणि २२ गिगाहर्ट्झ. लहरींची लांबी ५० सेंटिमीटरपासून सव्वा-दीड सेंटिमीटरपर्यंत. २२ वाला ढगांच्या माथ्याजवळच अडकतो. ०.६ वाला शंभर बारच्या खाली, म्हणजे आपल्या हवेच्या शंभरपट दाबाच्याही पलीकडचं ऐकतो. ते ढगांखाली काहीशे किलोमीटर.

"का येत्यात" याचं उत्तर एका वायूत आहे: अमोनिया. अण्णांना ओळख करून द्यायला नको. ओल्या रानात युरिया फेकल्यावर किंवा बंद गोठ्यात सकाळी डोळ्यांना झोंबतो तोच. गुरूवर मायक्रोवेव्ह गिळण्याचं बहुतेक काम हाच करतो. त्याचा रेणू छत्रीसारखा: वर नायट्रोजन, खाली तीन काड्यांच्या टोकाला हायड्रोजन. वावटळीत छत्री उलटते ना, तशी ही छत्री उलटसुलट होत राहते, सेकंदाला सुमारे २४ अब्ज वेळा. त्या तालाची लहर आली की अमोनिया ती गिळतो. तालापासून जितकं लांब जाल, म्हणजे जितकी लांब लहर घ्याल, तितकं गिळणं कमी. म्हणून २२ गिगाहर्ट्झ वरच अडकतो आणि ०.६ पाताळातून निसटून येतो.

(गंमत म्हणजे सरांनी सांगितलेल्या 'समीर'चा एक कान २२ गिगाहर्ट्झचाच होता. पण तिथं कारण वेगळं: आपल्या हवेतल्या वाफेचा ताल २२.२३५ ला आहे. ग्रह वेगळा, गिळणारा वेगळा, आकडा शेजारी-शेजारी.)

---

मांजराकाठ – दुपारी १:४०

सहा डोळ्यांचं धुकं! हे मी आजच फोनवर सांगते.

---

कापूसकोंड्या – दुपारी १:४४

वाखूसा (वाचनखूण साठवली). आणि छत्री उलटण्याचं उदाहरण छत्रीवाल्याच्या धाग्यावर देणं म्हणजे टायमिंग.

---

शंकेखोर – दुपारी ३:३०

छान लिहिलंय, पण गोची तिथंच आहे. एखाद्या जागी लहर क्षीण आली, तर ती जागा गार आहे, की तिथं अमोनिया जास्त आहे म्हणून आपली नजर वरच अडकली आणि वरचं गार दिसलं? दोन्हींचा परिणाम सारखाच. मग हे लोक तापमान माहीत धरून अमोनिया काढतात आणि छापतात, 'अमोनिया मोजला'. आमच्याकडं पंचनामे होतात तसंच झालं की. टक्केवारी आधी ठरलेली, शेत नंतर बघायचं.

---

नाथसागर – रात्री ९:१५

शंकेखोर, तुम्ही विचारलेला प्रश्न हा या विद्येतला खरा प्रश्न आहे. टोमणा सोडून त्याचं उत्तर देतो.

होय, खोलवर तापमान कसं वाढत जातं हे बऱ्याच अंशी गृहीत धरलं जातं. ते हवेत धरलेलं नाही: उकळत्या भांड्यासारखा ढवळला जाणारा वायू खाली जाताना ठरावीक दरानं तापतो, हे भौतिकशास्त्र आहे. एक बारच्या पातळीला गुरूचं तापमान सुमारे उणे १०८ सेल्सियस, तिथून खाली तो दर. तरी ते गृहीतकच.

म्हणून दुसरा साक्षीदार लागतो. जूनो मिनिटाला साधारण दोन फेऱ्या घेतं, भिंगरीसारखं. त्यामुळं तीच जागा एकदा सरळ खाली आणि एकदा तिरकी बघता येते. तिरकं बघितलं की वाटेत धुकं जास्त, नजर वरच अडकते. वर गार असेल तर ग्रहाची कड, जी तिरकीच दिसते, काळवंडते. किती काळवंडली, यावरून बरंच कळतं. मूळ तापमानाचा आकडा एखाद-दोन टक्क्यांनी इकडं-तिकडं होईल, पण 'सरळपेक्षा तिरकं किती कमी' ही तुलना तोच कान करतो, म्हणून ती फार भरवशाची.

ही युक्ती जुनी आहे. १९५६ साली वॉशिंग्टनच्या नौदल प्रयोगशाळेत मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५० फुटी छत्रीनं शुक्र ऐकला, लहर ३.१५ सेंटिमीटर. आकडा आला ६०० केल्विनच्या आसपास. खळबळ उडाली. तेव्हा कुणी शुक्रावर जंगलं कल्पत होतं, कुणी समुद्र. तुमच्यासारख्या शंकेखोरांनी विचारलं: ही गरमी जमिनीची कशावरून? वरच्या आयनांच्या थराचा उद्योग असेल. मुद्दा रास्त होता. जमीन तापलेली असेल तर कड काळवंडायला हवी, वरचा थर उजळत असेल तर कड उजळायला हवी. १४ डिसेंबर १९६२ ला मरिनर-२ शुक्राजवळून गेलं आणि तीन वेळा तबकडीवरून नजर फिरवली. कड काळवंडलेली निघाली. जमीनच भट्टी. १९७० साली व्हेनेरा-७ प्रत्यक्ष उतरलं आणि तिनंही तेच सांगितलं.

आजपासून पाच दिवसांनी त्याला ६२ वर्षं होतील. पश्चिमेला संध्याकाळी तोच शुक्र लखलखतोय, जाता जाता बघा.

---

हुरडा_पार्टी – रात्री ९:३०

थोडक्यात, पंचनामा दोनदा केला: एकदा बांधावरून, एकदा गच्चीवरून.

---

शंकेखोर – रात्री ९:५५

शुक्राचं पटलं. गुरूचं अर्धं पटलं. तिथं कुणी आत उतरलंय का?

---

खडूफळा – रात्री १०:२०

उतरलंय! आणि तारीख बघा: ७ डिसेंबर १९९५. परवाच्या प्रतियुतीच्याच दिवशी, २९ वर्षांपूर्वी. गॅलिलिओ यानानं सोडलेली कुपी. जवळपास तासभर टिकली, २२ बारपर्यंत गेली, तिथं तापमान सुमारे १५० सेल्सियस. मग संपली.

पण नशीब असं की ती नेमकी कोरड्या जागी पडली. गुरूच्या विषुववृत्ताजवळ काही ठिपके असे असतात जिथं हवा खाली बसते आणि ढग विरतात. शास्त्रज्ञ पाणी शोधायला निघाले होते, आणि पडले आटपाडीच्या माळावर. (आटपाडी आपल्याकडं येत नाही, माहीत आहे. आष्टी म्हणा.)

---

आष्टीकर_साहेबराव – रात्री १०:३२

निषेध! निषेध! आष्टीत यंदा तळी भरलीत!!

---

गोदातीर – १० डिसेंबर, सकाळी ८:४०

ही कुपीची गोष्ट वाचून मला आमच्या मंडळाचा पर्जन्यमापक आठवला. अख्ख्या महसूल मंडळात यंत्र एक. यंत्रावर २४ तासांत ६५ मिलिमीटर पडला तर अतिवृष्टी, नाहीतर नाही. तीन वर्षांपूर्वी माझं सोयाबीन कमरेइतक्या पाण्यात होतं आणि सात किलोमीटरवरच्या यंत्रात ४१ मिलिमीटर. कागदावर आमच्या गावात पाऊसच नव्हता. खेटे घालून चपला झिजल्या.

एका जागी एक कुपी टाकून गुरूचं पाणी ठरवणं म्हणजे तेच. त्यापेक्षा वरून सगळीकडं फिरणारं यान बरं, आकडा दोन टक्के चुकला तरी.

---

नाथसागर – १० डिसेंबर, दुपारी १:२०

गोदातीर, जूनोमागचं एक मोठं कारण हेच. त्या कान फिरवण्यातून २०२० साली विषुववृत्ताजवळच्या पाण्याचा अंदाज आला: तिथल्या हवेच्या रेणूंमध्ये सुमारे पाव टक्का. थोडा वाटतो, पण सूर्याच्या घडणीत जे प्रमाण आहे त्याच्या जवळपास तिप्पट. कुपीनं मात्र सूर्यापेक्षाही कोरडं सांगितलं होतं. पाव टक्क्याच्या त्या आकड्याची चूक-मर्यादा बरीच मोठी आहे, हे शंकेखोरांनी म्हणण्याआधी मीच म्हणतो.

आणि हे पृथ्वीवरून का नाही करत, असं कुणी विचारलं नाही तरी सांगतो. गुरूभोवती इलेक्ट्रॉनांचे पट्टे आहेत, ते चुंबकीय क्षेत्रात गरगरताना नेमक्या याच लांब लहरींत बोंबलतात. इथून ऐकलं तर गुरूच्या पोटातली कुजबुज त्या बोंबेत बुडते. छोट्या लहरींत इथून भागतं. अमेरिकेतल्या व्हीएलए दुर्बिणींनी गुरूचा अमोनिया छान नकाशावर आणलाय. पण लांब लहरींसाठी पट्ट्यांच्या आत, ढगांपासून पाच हजार किलोमीटरच्या आत शिरावं लागतं. जूनो दर फेरीत काही तास तेच करायचं, बाकीचे दिवस लांब. इलेक्ट्रॉनिक्स टायटॅनियमच्या पेटीत कोंडलेलं.

---

औंढेकर – दुपारी २:०५

अवांतर: आमच्या औंढा नागनाथला लायगो (गुरुत्वीय लहरींची वेधशाळा) होतंय. त्याचा यात काही उपयोग?

---

नाथसागर – दुपारी २:१२

नाही. ते अवकाशाच्या सुरकुत्या ऐकणार. गुरूच्या बाबतीत जवळची म्हणजे जुन्नरकडची खोडदची जीएमआरटी रेडिओ दुर्बीण, ४५ मीटरच्या तीस छत्र्या. तिनं शुक्राचं लांब लहरींतलं तापमान मोजलेलं आहे.

---

छत्रीवाला – दुपारी २:३०

४५ मीटर!! नट कोन आवळतो?

---

मांजराकाठ – १० डिसेंबर, रात्री ९:००

अण्णांना धुकं पटलं. पुढचा प्रश्न: "मंग त्या सहा डोळ्यांनी दिसलं काय?"

---

नाथसागर – रात्री १०:३०

सगळ्यात मोठा धक्का सांगतो. अपेक्षा होती की ढगांच्या जरा खाली गेलं की अमोनिया सगळीकडं सारखा, घुसळलेल्या ताकासारखा. निघालं उलटं. विषुववृत्तावर अमोनियाचा एक भरगच्च खांब खोलवरून वर येतो. बाकी जवळजवळ सगळीकडं अमोनिया कमी, आणि तो कमीपणा ढगांच्या कितीतरी खालपर्यंत.

अमोनिया गेला कुठं? एक उत्तर २०२० साली आलं आणि ते आपल्या लोकांना लगेच कळेल: गारपीट. गुरूवरच्या वादळात पाण्याचे बर्फकण खूप उंच फेकले जातात. तिथं उणे ८५-९० सेल्सियसला अमोनियाची वाफ त्या बर्फाला वितळवते, मीठ टाकल्यावर बर्फ वितळतो तशी. दोन भाग पाणी, एक भाग अमोनिया अशी रबरबीत गोळी तयार होते. ती पडताना वरून बर्फाचं कवच चढतं, जड होते, ढगांच्या खूप खाली जाऊन विरघळते. येताना अमोनिया घेऊन येते. वरचं रान कोरडं, खालचं ओलं. इंग्रजीत मशबॉल म्हणतात.

---

हुरडा_पार्टी – रात्री १०:३६

मराठी शब्द हवा! माझ्याकडून: लापशीगार.

---

अनामिका_बीड – रात्री १०:४०

गारेगार गोळा. बाहेर बर्फ, आत रंगाचं पाणी. काडी तेवढी नाही.

---

कापूसकोंड्या – रात्री १०:४१

रबडीगार. वास गोठ्याचा.

---

गोदातीर – रात्री ११:१०

तुम्हाला हसू येतंय. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी बघितली त्यांना नाही येणार. मोसंबीची बाग होती माझी. सकाळी झाडांवर साल नव्हती, मोर मरून पडलेले, गारा दुसऱ्या दिवशीपर्यंत बांधाच्या सावलीत तशाच. गार वर जाऊन येते, परत जाते, परत येते, कांद्यासारखे थर चढतात हे तेव्हा गार कापून बघितलं.

लापशीगार चांगला शब्द आहे, असो.

---

शंकेखोर – ११ डिसेंबर, सकाळी ७:१५

ती गोळी कुणी पाहिलीय का? नाही. अमोनिया कमी दिसला, त्याला गोष्ट जुळवली.

---

नाथसागर – सकाळी ८:०५

बरोबर, गोळी कुणी पाहिलेली नाही. ती जुळवलेलीच गोष्ट आहे, पण तिला टेकू आहे. जूनोच्या कॅमेऱ्यानं फार उंचावर, निव्वळ पाणी द्रवरूप राहूच शकणार नाही अशा थंड जागी विजा पाहिल्या. वीज व्हायला द्रव आणि बर्फ दोन्ही घासावे लागतात. तिथं द्रव हवा तर अमोनिया मिसळलेला हवा. तसा हा रेडिओमीटरही विजा ऐकतो: पहिल्या आठ फेऱ्यांत ०.६ गिगाहर्ट्झवर ३७७ विजा नोंदल्या. हवामान मोजायला नेलेला कान, कडकडाट फुकटात.

आणि तुमच्या 'दोन साक्षीदार' आग्रहासाठी: मोठा लाल डाग, म्हणजे गुरूवरचं प्रचंड वादळ. रेडिओमीटर म्हणतो त्याची मुळं साडेतीनशे किलोमीटरहून खोल. २०१९ मध्ये यान त्यावरून गेलं तेव्हा वेगात पडलेला अतिसूक्ष्म फरक, म्हणजे गुरुत्व, मोजलं. ते म्हणतं पाचशेपेक्षा खोल नाही. एकानं उजेड ऐकला, दुसऱ्यानं वजन केलं, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. जबाब जुळले.

---

शंकेखोर – सकाळी ८:२०

लाल डागाचं मान्य. लापशीगारीवर निकाल राखून ठेवतो.

---

मांजराकाठ – १५ डिसेंबर, सायंकाळी ६:३०

या रविवारी अण्णांना सगळं वाचून दाखवलं. गोठ्याच्या वासापाशी ते हसले, गारपिटीपाशी गप्प झाले. मग म्हणाले, "हे समदं झालं. बोअरचं काय?"

---

नाथसागर – १५ डिसेंबर, रात्री ८:५०

वाटच बघत होतो. वाईट बातमी.

गुरूवर धुकं विरळ आहे. हायड्रोजन-हेलियममधून या लहरी आरपार जातात, अडवणारा अमोनिया थोडाच. आपली काळी माती म्हणजे ओली गोधडी. पाणी मायक्रोवेव्ह गिळण्यात पटाईत, म्हणून तर ओव्हन चालतो. २०१५ साली सोडलेला स्मॅप उपग्रह १.४ गिगाहर्ट्झवर जमिनीतली ओल मोजतो, अगदी याच विद्येनं, आणि त्याची नजर जाते सुमारे पाच सेंटिमीटर. पेरणीला वाफसा आहे का एवढं कळेल, तेही कित्येक किलोमीटरच्या चौकोनाची सरासरी. त्याच्या जवळच्याच १.२५ गिगाहर्ट्झची लहर गुरूवर ढगांच्या खाली शंभर-दोनशे किलोमीटरचं सांगते आणि केजमध्ये चार बोटांचं.

भूजल वरून मोजतात ते ग्रेस उपग्रहांनी, २००२ पासून. गुरुत्वानं, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याचं वजन करून. पण तो काटा शेकडो किलोमीटरचा. मराठवाडा आटला हे सांगेल. गट नंबर सांगणार नाही. आणि आपल्या काळ्या पाषाणात पाणी असतं ते भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. भेग दोन हात चुकली की फुफाटा.

---

मांजराकाठ – रात्री ९:३०

अण्णा: "म्हंजे गुरू सोपा, केज अवघड."

---

खडूफळा – रात्री ९:३४

हे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवतोय. घरच्या.

---

छत्रीवाला – रात्री १०:००

ताई, तुमच्याकडं हुरडा कवा? मी छत्री आन् मीटर घेऊन येतो. अण्णांना भिंत वाजवून दावतो.

---

मांजराकाठ – ३० डिसेंबर, सकाळी ११:१५

काल हुरडा झाला. छत्रीवाले दादा हिंगोलीहून मोटारसायकलवर साठ सेंटिमीटरची छत्री पाठीला बांधून आले. हुरडा_पार्टी जालन्याहून गूळ आणि फक्त भूक घेऊन आले. खडूफळा सर येऊ शकले नाहीत, व्हिडिओवर होते.

आभाळ: गप्प. गोठ्याची भिंत: टुंई. बैल: टुंई. आगटीतले निखारे समोर असताना अण्णांना वाटलं फार जोरात वाजेल. वाजलं, पण भिंतीपेक्षा थोडंच जास्त, कारण निखारे छत्रीच्या नजरेच्या कोपऱ्यात मावतील एवढेच होते. मग अण्णांनी स्वतः छत्री उचलली आणि अंधार पडल्यावर गुरूकडे धरली. पाच मिनिटं. हात थरथरायला लागले. मीटर गप्पच.

"का?" मी गप्प. छत्रीवाले दादाही गप्प. नाथसागर, या आता.

---

नाथसागर – ३० डिसेंबर, दुपारी १:३०

तुमच्या निखाऱ्यांनीच उत्तर दिलंय. साठ सेंटिमीटरच्या छत्रीची नजर सुमारे तीन अंश रुंद, म्हणजे पौर्णिमेचे सहा चंद्र शेजारी-शेजारी. गुरू सध्या पन्नास विकलाही (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) भरत नाही. त्या नजरेतला पन्नास हजारांतला एक भाग. बाकी सगळं गार आभाळ. गुरूची सगळी गरमी त्यात पसरली की मीटरला जाणवेल एका अंशाचा तीनशेवा भाग. बैल मात्र अख्खी नजर भरून उभा होता.

म्हणूनच मेयर यांना ५० फुटी छत्री लागली आणि जूनोला तिथं जाऊन सगळी नजर गुरूनं भरावी लागली. तिथं सर्वांत मोठी अँटेना दीड-पावणेदोन मीटरच आहे. तुमच्या आगटीजवळच्या सतरंजीएवढी.

---

हुरडा_पार्टी – दुपारी १:४१

नोंद घ्यावी: बैलाचं दीप्ती तापमान गुरूपेक्षा जास्त, असा शोध केज तालुक्यात लागला.

---

शंकेखोर – दुपारी २:१५

छत्री हातात धरली होती. अण्णांचाच हात वाजला नसेल कशावरून? तिवईवर ठेवून पुन्हा करा.

---

छत्रीवाला – दुपारी २:२०

हात छत्रीच्या मागं असतो साहेब, तोंड पुढं. तरी पुढच्या हुरड्याला तिवई आनतो.

---

मांजराकाठ – ३ जानेवारी २०२५, रात्री ८:१०

धागा वर काढतेय, शेवटचं. अण्णांनी तिसरा पॉइंट काढलाय. नारळवाल्याला बोलावलं नाही, मशीनवाल्यालाही नाही. शेजारच्या तीन शेतांतल्या चालू विहिरींना पाणी किती फुटांवर लागलं ते वहीत लिहून, ओढ्याच्या अंगाला खूण केलीय. "तीन साक्षीदार," म्हणाले. उद्या गाडी येतेय.

---

गोदातीर – रात्री ८:१५

किती फुटांवर लागलं ते कळवा. २२० म्हणतो मी.

---

कापूसकोंड्या – रात्री ८:१६

३१०. हरलो तर गुळाची भेली.

---

शंकेखोर – रात्री ८:२५

वहीचा फोटो टाका आधी.